मध्यस्थी, ख्रिस्ती धर्मातील

पापामुळे देव व मानव यांच्यात पडलेला दुरावा कोणी मिटवला आणि त्या समेटाचा लाभ माणसापर्यंत कोणाच्या हातून पोहोचतो, यांविषयीची ख्रिस्ती शिकवण व तिच्यावरून झालेले वाद. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मेसितीस’ हा व्यवहारातला आहे : दोन पक्षांच्या मधोमध उभा राहून तंटा मिटवणारा, कराराला जामीन राहणारा. मराठी बायबलात त्यासाठी ‘मध्यस्थ’ हा शब्द येतो. सोयरिकीपासून शेताच्या बांधापर्यंत सगळ्या व्यवहारांत तो चालतो, म्हणून तो येथे नेमका बसतो.

देव व मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच आणि तो ख्रिस्त येशू, असे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र (२:५) सांगते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट यांपैकी कोणीही हे नाकारत नाही. वाद आहे तो ‘एकच’ या शब्दाचा. या एकामुळे बाकी सगळे मध्यस्थ बाद होतात, की त्याच्या मध्यस्थीत इतरांना वाटा मिळतो? पंथापंथांतील कडाक्याची भांडणे याच प्रश्नावर पेटली. त्याच्या मागे आणखी एक प्रश्न उभा आहे, त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही : ख्रिस्त मध्यस्थ आहे तो देव म्हणून, मानव म्हणून, की दोन्ही म्हणून?

बायबलमध्येच या शब्दाला दोन बाजू आहेत. सिनाय पर्वताशी मेघगर्जना ऐकून भ्यालेले लोक मोशेला विनवतात की तूच आमच्याशी बोल, देवाने थेट बोलू नये. म्हणजे येथे मध्यस्थ हवा आहे तो माणसांना. ईयोबाची तक्रार अशी, की देव व आपण अशा दोघांवर हात ठेवील असा पंचच कोणी नाही. गलतीकरांस लिहिताना पौल मात्र मोशेच्या नियमशास्त्राला मध्यस्थ लागला, हे त्याच्या उणेपणाचे लक्षण मानतो. अब्राहामाला वचन थेट मिळाले होते. इब्री लोकांस पत्रात दोन्ही धागे एकत्र येतात. वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात जाणाऱ्या प्रमुख याजकाच्या जागी तेथे ख्रिस्त येतो आणि एकाच अर्पणाने काम संपवतो. पुढे प्रॉटेस्टंटांनी हे पत्र वाचून विचारले, की मग वेदीपाशी रोज उभ्या राहणाऱ्या याजकाचे काम काय? कॅथलिकांचे उत्तर : त्याच एका अर्पणात सहभागी होणे. पत्र एकच; वाचन दोन.

चौथ्या शतकातील एरियसचा वाद सहसा त्रैक्याचा वाद म्हणून शिकवला जातो, पण त्याच्या मुळाशी मध्यस्थीच होती. देव इतका अगम्य की त्याच्यात व सृष्टीत दुवा म्हणून एखादा श्रेष्ठ निर्मित जीव हवा, असा एरियसपक्षाचा रोख होता. अॅथनेशियसचे उत्तर असे, की जो स्वतः निर्मित आहे तो निर्मितांना देवाशी जोडू शकत नाही. ३२५च्या नायसिया परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. ४५१च्या खाल्सेदोन परिषदेने एकाच व्यक्तीत ईश्वरी व मानवी असे दोन पूर्ण स्वभाव मान्य केले. पूल दोन्ही काठांना टेकलेला असावा, ही कल्पना तेथे पक्की झाली.

त्याच काळात उत्तर आफ्रिकेत वेगळे वादळ चालू होते. ३०३मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात काही धर्माधिकाऱ्यांनी पवित्र ग्रंथ सरकारी लोकांच्या हवाली केले होते. अशा भ्रष्ट हातांनी दिलेला बाप्तिस्मा वा दीक्षा खरी कशी, असे यावरून चर्चपासून फुटलेले डोनॅटस्‌पंथी विचारत. ऑगस्टीन म्हणे, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे. दगडी पाटातून पाणी बागेत जाते, पाटाला काही उगवत नाही म्हणून बाग सुकत नाही. याच वादातली एक नोंद फार मोलाची आहे. डोनॅटस्‌पंथीयांचा बिशप पार्मेनियन याने बिशपला लोक व देव यांच्यातला मध्यस्थ म्हटले होते. ऑगस्टीनने ते सहन केले नाही : बिशप झाला तरी तोही लोकांबरोबर प्रार्थना मागणारा, आणि त्यालाही त्याच एका मध्यस्थाची गरज. अकराशे वर्षांनी प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने संतांच्या मध्यस्थीविरुद्ध लिहिताना हाच उतारा पुढे केला. म्हणजे रोमविरुद्धचे धारदार शस्त्र रोम ज्याला गुरू मानते त्याच्याच भात्यातले होते. हे लक्षात घेतले, की सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेचा वाद बाहेरून आलेला हल्ला वाटत नाही. एकाच घरातील जुन्या कागदावरून झालेली ती वाटणी होती.

संतांना साकडे घालण्याविषयीचा पहिला मोठा लेखी खटका जेरोम व विजिलांशियस यांच्यात उडाला. गॉल प्रांतातील धर्मगुरू विजिलांशियस याने हुतात्म्यांच्या अवशेषांपुढे दिवे लावणे व त्यांच्याकडे मागणी मागणे यांवर टीका केली. ४०६मध्ये जेरोमने त्याचा अत्यंत कडवट शब्दांत समाचार घेतला. त्यातला तर्क मात्र आजही कॅथलिक देतात : देहात असताना जे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करत, ते विजय मिळवून ख्रिस्तापाशी गेल्यावर गप्प का बसतील? मेल्याने मंडळीचे नाते तुटत नाही, ही या विचाराची खरी ताकद आहे. त्याची कमजोरी दिसते ती लोकव्यवहारात. मध्ययुगीन युरोपात राजदरबारी काम होण्यासाठी वशिला लागे. स्वर्गही तसाच दरबार मानला गेला. ख्रिस्त कठोर न्यायाधीश, माता मरिया दयाळू, संत ओळखीचे. मग जो मध्यस्थ होता त्याच्यापर्यंत जायलाच मध्यस्थ लागू लागले.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने व्यवस्था लावली ती अशी : पूर्ण अर्थाने मध्यस्थ फक्त ख्रिस्त, इतरांना मध्यस्थ म्हणता येईल ते केवळ तयारी करून देणारे वा सेवा बजावणारे म्हणून. ही दुय्यम जागा अरुंद होती, पण संस्थेच्या व्यवहारात ती त्याच्या आधीपासूनच रुंद होत गेली होती. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपाशी पापनिवेदन सक्तीचे केले. १३४३मध्ये पोप सहावा क्लेमेंट याने ख्रिस्त व संत यांच्या पुण्याचा कोश चर्चच्या ताब्यात असल्याचे जाहीर केले. कोश म्हटला की किल्ली आली आणि किल्ली म्हटली की हिशेब. १५१७मध्ये मार्टिन ल्यूथरने पापमुक्तिपत्रांविरुद्ध ९५ प्रबंध मांडले तेव्हा त्याने हिशेबालाच हात घातला. १५२०च्या लेखनात तो पुढे गेला : बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, धर्मगुरू हे पद आहे, वेगळी जात नव्हे. तरी ल्यूथरने खासगी पापनिवेदन मोडीत काढले नाही. क्षमेचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडावेत, याची माणसाला गरज असते हे त्याने स्वतःच्या तळमळीतून जाणले होते. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातही संतांची आठवण विश्वास दृढ करण्यासाठी ठेवावी, पण त्यांचा धावा करू नये, असा संयत सूर आहे.

ट्रेंट परिषदेने १५५१मध्ये पापक्षमा देणाऱ्या धर्मगुरूचे काम न्यायदानासारखे असल्याचे ठरवले आणि १५६३च्या शेवटच्या बैठकीत संतांचा धावा ‘चांगला व उपयुक्त’ ठरवला. आवश्यक म्हटले नाही. या शब्दनिवडीकडे दोन्ही बाजूंचे प्रचारक दुर्लक्ष करतात.

सुधारणावाद्यांच्या आतला वाद तितकाच गंभीर होता, पण तो विसरला गेला. केनिग्जबर्ग येथे आंद्रेआस ओझियांडरने शिकवले, की ख्रिस्ताचा ईश्वरी स्वभाव माणसात वसतो आणि तेच त्याचे नीतिमत्त्व. मांतुआचा हिब्रू पंडित फ्रांचेस्को स्टांकारो १५५१मध्ये तेथे आला आणि त्याने उलटे टोक धरले : ख्रिस्त मध्यस्थ आहे तो फक्त मानवी स्वभावाने. देव स्वतःशीच मध्यस्थी कशी करील, आणि पुत्राने देवपणातून पित्याची विनवणी केली तर तो पित्याहून कमी ठरून एरियस परत येणार नाही का, असा त्याचा बिनतोड वाटणारा सवाल होता. ख्रिस्त मानव म्हणून मध्यस्थ, हे अक्वायनसनेही म्हटले होते. परंतु स्टांकारोने ते इतके ताणले की तारणाचे काम एका माणसावर येऊन ठेपले. हा वाद पोलंडमध्ये पोहोचल्यावर कॅल्व्हिन व झुरिकचे पाळक यांनी १५६०च्या सुमारास तेथील मंडळ्यांना उत्तरे धाडली : मध्यस्थी हे व्यक्तीचे काम आहे, सुट्या स्वभावाचे नव्हे, आणि पुत्र देहधारणेपूर्वीपासूनच मध्यस्थ आहे. पोलंडमध्ये मात्र व्हायचे ते झाले. देव मध्यस्थ असू शकत नाही, या तर्काचे दुसरे टोक धरून काहींनी त्रैक्यच सोडले आणि १५६५च्या सुमारास त्यांची वेगळी मंडळी उभी राहिली. ल्यूथरपंथीयांनी १५७७च्या एकमतसूत्रात ओझियांडर व स्टांकारो दोघांनाही नाकारले.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा या चौकटीत नीट बसत नाही. तेथे संतांच्या चित्रमूर्तींवरून झालेल्या दीर्घ संघर्षात ७८७च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने आराधना फक्त देवाची आणि मूर्तींना केवळ सन्मान, असा भेद केला. पापनिवेदन करणारा ख्रिस्ताच्या चित्रमूर्तीकडे तोंड करून उभा राहतो, धर्मगुरू बाजूला साक्षीदार असतो. सतराव्या शतकात कीव्हच्या पेत्रो मोहिला याच्या प्रार्थनापुस्तकातून ‘मी क्षमा करतो’ असे लॅटिन वळणाचे वाक्य स्लाव मंडळ्यांत शिरले. ग्रीक मंडळ्यांत प्रार्थना देवाने क्षमा करावी अशीच राहिली. इंग्लंडमधील क्वेकर याच्या अगदी उलट टोकाला गेले : धर्मगुरू नाही, संस्कार नाहीत, प्रत्येकाच्या आतील प्रकाश आणि शांत सभा. तरी त्या सभेत कोणी उठून बोलतो आणि बाकीचे ऐकतात. दुसऱ्या माणसाची गरज तेथेही पुरती संपत नाही.

विसाव्या शतकात कॅथलिकांमधील वाद मरियेभोवती जमला. १९२१मध्ये बेल्जियमला ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ मरिया हा सण पाळण्याची परवानगी मिळाली. तो सिद्धान्त म्हणून जाहीर व्हावा अशी चळवळ पुढे जोर धरत गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज असावा की चर्चविषयक दस्तऐवजातच प्रकरण असावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले : प्रकरणाच्या बाजूने १,११४, विरोधात १,०७४. अवघ्या ४० मतांनी मरियेला चर्चच्या आत, विश्वासूंच्या सोबत जागा मिळाली. १९६४च्या अंतिम मजकुरात ‘मध्यस्थ’ ही उपाधी आली, पण ख्रिस्ताच्या मध्यस्थीत तिने काही भर पडत नाही की उणे होत नाही, या खुलाशासह. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने ‘सह-तारक’ ही उपाधी अनुचित ठरवली आणि ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ या उपाधीबाबत सावध राहण्यास सांगितले.

मराठी प्रदेशात या भेदाची खूण भाषेतच सापडते. कॅथलिक ‘धर्मगुरू’ म्हणतात, प्रॉटेस्टंट ‘पाळक’. एकाकडे मिस्सा, दुसऱ्याकडे उपासना. वांद्र्याच्या मोतमावलीच्या (मरियेच्या) सप्टेंबरमधील जत्रेत हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणबत्त्या वाहिल्या जातात आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्याला हे खटकते. पण आजारी मुलाचे मेणाचे रूप हातात धरून उभी असलेली आई सिद्धान्त मांडत नसते, हे टीका करताना विसरता कामा नये. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांसाठी; ख्रिस्तापाशी जायला मंडळीचे दार ओलांडावेच लागते का, हाच तेथे प्रश्न होता.

सर्वांत स्पष्टपणे हा प्रश्न विचारला पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या ठामपणे सांगतात, की भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर धर्मगुरूंची प्रत्येक आज्ञा देवाची म्हणून मानण्याचे दुसरे जोखड आपण घेणार नाही. जेराल्डीनना हा अहंकार वाटला. पत्रे वाचताना त्यांची कळकळ जाणवते, तरी न्याय रमाबाईंच्या बाजूला आहे : ब्राह्मण पंडिताच्या घरात वाढून शास्त्रांचा अधिकार कोणाच्या हाती असतो हे त्यांनी आतून पाहिले होते. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे; तो सुमारे आठ वर्षांनी भेटला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली; कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे, हा हेतू होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच स्त्रियांच्या हातून तयार झालेले ते बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.