स्विसएअरचे पतन : एक ऐतिहासिक विवेचन

२ ऑक्टोबर २००१ रोजी दुपारी स्विसएअरची सर्व उड्डाणे थांबली. रोख रक्कम हाती पडल्याशिवाय इंधन देण्यास पुरवठादार तयार नव्हते आणि कंपनीजवळ रोख उरली नव्हती. एकेकाळी 'उडती बँक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची ही अवस्था ११ सप्टेंबरच्या अमेरिकेतील हल्ल्यांमुळे झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते केवळ तात्कालिक कारण होय. मूळ कारणाच्या शोधार्थ १९९२ पर्यंत मागे जावे लागते.

बालएअर व अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा एअरो यांच्या विलीनीकरणातून २६ मार्च १९३१ रोजी स्विसएअर स्थापन झाली. देश लहान, अंतर्गत प्रवास बहुतांशी रेल्वेचा. साहजिकच कंपनीची भिस्त परदेशी वाहतुकीवर होती. उड्डाणांचे हक्क दोन देशांतील करारांनी ठरत, तोवर हे उत्तम चालले. १९९३ पासून मात्र युरोपीय समुदायाने आपल्या विमानकंपन्यांसाठी सामायिक बाजारपेठ खुली केली. तत्पूर्वीच, ६ डिसेंबर १९९२ च्या सार्वमतात स्विस मतदारांनी युरोपीय आर्थिक क्षेत्रातील प्रवेश नाकारला होता. विरोधी मते होती ५०.३ टक्के! या निसटत्या निकालाने स्विसएअर त्या बाजारपेठेबाहेर राहिली.

केएलएम, एसएएस व ऑस्ट्रियन एअरलाइन्स यांच्याशी एकत्रीकरणाची बोलणी १९९३ च्या अखेरीस फिसकटली. तेव्हा कंपनीने बाजारपेठेच्या आतील विमानकंपन्यांत भागीदारी मिळविण्याचा मार्ग धरला. १९९५ मध्ये बेल्जियमच्या साबेनाचे ४९.५ टक्के भाग घेतले गेले. हा आकडा बोलका आहे. सामायिक बाजारपेठेचे हक्क टिकविण्यासाठी कंपनीची बहुसंख्य मालकी समुदायातील नागरिकांकडेच असणे कायद्याने आवश्यक होते. पुढे फिलिप ब्रुगिसर यांच्या कारकिर्दीत 'हंटर' नावाच्या धोरणाखाली जर्मनीची एलटीयू, फ्रान्समधील एओएम व एअर लिबर्टे, पोलंडची लॉट अशा कंपन्यांत पैसा गुंतविण्यात आला. त्यांपैकी कित्येक आधीच डबघाईला आलेल्या होत्या. कागदोपत्री मालकी अल्प. तोटा भरून काढण्याची जबाबदारी मात्र स्विसएअरच्या गळ्यात! सल्लागारांच्या तक्त्यांत हा धोका दिसला नसावा, याचे आश्चर्य वाटते. २००० या एका वर्षाचा तोटा २.९ अब्ज फ्रँक झाला. न्यूयॉर्कवरील हल्ल्यापूर्वीच कंपनी पोखरली गेली होती.

७ नोव्हेंबर २००१ रोजी साबेनाही दिवाळखोर ठरली. प्रादेशिक सेवा देणाऱ्या क्रॉसएअरच्या पायावर, संघराज्य व कँटन यांच्या पैशाने, 'स्विस' ही नवी कंपनी उभी राहिली. २००५ मध्ये ती जर्मनीच्या लुफ्थान्साकडे जाण्याचे ठरले. जुन्या कंपनीच्या संचालकांसह १९ आरोपींना न्यायालयाने २००७ मध्ये निर्दोष ठरविले.

स्विसएअरचे अखेरचे विमान साओ पावलोहून निघून १ एप्रिल २००२ रोजी झुरिचला उतरले. सार्वमताने गमावलेले हक्क स्विस विमानकंपन्यांना बव्हंशी मिळवून देणारा युरोपीय समुदायाबरोबरचा हवाई वाहतूक करार अंमलात आला, तो त्याच वर्षी १ जूनला.