रंगमंदिरातील दोन बालगंधर्व

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडास वस्ती करून राहिलेल्या आमच्या ज्ञातिकुटुंबांत नाटकाचे वेड पिढीजात आहे. कार्यानिमित्त पुण्यास गेलेली मंडळी जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिरात एखादा प्रयोग पाहिल्यावाचून सहसा परतत नाहीत. तेथील दोन पूर्णाकृती तैलचित्रांपुढून मात्र पुष्कळजण घाईने निघून जातात. म्हणून त्यांची हकीकत येथे सांगावी, असे आम्हांस वाटले.

या रंगमंदिराची कोनशिला 8 ऑक्टोबर 1962 रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसविली गेली. ज्याचे नाव वास्तूस द्यावयाचे, त्याच्याच हातून तिचा आरंभ व्हावा, हा योग दुर्मिळच. उभारणीत पु. ल. देशपांडे यांचे मार्गदर्शन होते. पुलंचे बालपण जोगेश्वरी-पार्ल्यात गेलेले, तेव्हा उपनगरवासीयांनी तेवढा अभिमान बाळगण्यास हरकत नाही! परंतु 15 जुलै 1967 रोजी बालगंधर्व निवर्तले. 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाण यांनी रंगमंदिराचे उद्‌घाटन केले, तेव्हा ते पाहावयास नारायणराव नव्हते.

त्यांचे रूप तेथे राहावे म्हणून काम सोपविले गेले ते गोपाळ देऊसकरांवर. देऊसकर 1911 साली अहमदनगरास जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांनी अभ्यास केला. व्यक्तिचित्रणात त्यांची बरोबरी करणारे त्या काळी फार थोडे होते. त्यांनी चित्रे काढली ती दोन : एक पुरुषवेषातील व दुसरे स्त्रीवेषातील.

दोन का? एकाने भागले नसते काय? आमच्या मते भागले नसते. नारायण श्रीपाद राजहंस 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले व शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. 1911 मध्ये ‘मानापमाना’तील भामिनी, 1913 मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी आणि त्यानंतर रुक्मिणी, सिंधू! त्यांचे नऊवारी नेसणे, गजरा माळणे पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे करू लागल्या. आमच्या आज्यांच्या पिढीचा साजशृंगार एका पुरुषाने घडविला, ही गोष्ट आजच्या मुलींस सांगितली तर खरी वाटणार नाही. पुढे 1935 साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ बोलपटात ते संत एकनाथ झाले. पण लोकांच्या डोळ्यांपुढची भामिनी काही हलली नाही. केवळ स्त्रीवेषातील चित्र लावावे तर त्यामागचा मनुष्य हरवतो; केवळ पुरुषवेषातील लावावे, तर ज्यासाठी रंगमंदिरास त्यांचे नाव दिले तेच हरवते. देऊसकरांच्या जोडचित्रांनी ही अडचण सोडविली.

2018 पासून ही वास्तू पाडून तेथे नवे संकुल उभारण्याचा पुणे महानगरपालिकेचा विचार पुढे आला आणि कलावंतांत त्यावरून वाद माजला. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र जुनी वास्तू राहो वा नवी उभी राहो, ही चित्रे एकमेकांपासून वेगळी होऊ नयेत. एक दर्शनी दालनात आणि दुसरे कोठल्यातरी कचेरीत, असे झाल्यास देऊसकरांचे निम्मे काम पुसल्यासारखे होईल.