महाराजांचे तलाव आणि हिवाळ्यातले पाहुणे

गणपतीबाप्पाला निरोप दिला की दीड-दोन महिन्यांत आपल्या बडोद्याच्या परिसरात दुसरे पाहुणे यायला लागतात. त्यांना आमंत्रण कोणी दिलेले नसते. पण त्यांच्या उतरण्याची सोय मात्र श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

1881 साली राज्यकारभार हाती घेतल्यावर महाराजांनी ज्या कामांना अग्रक्रम दिला, त्यांत पाण्याचे काम मोठे. शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून आजव्याचा सयाजी सरोवर बांधला गेला. त्यानंतर 1899-1900 चा दुष्काळ आला. विक्रम संवत 1956 मधला म्हणून गुजरातेत त्याला आजही 'छप्पनियो' म्हणतात. गुरे मेली, माणसे मेली. शेताला हमखास पाणी हवे, हे त्या वर्षाने सर्वांनाच शिकवले. पुढे 1909-10 मध्ये डभोईजवळ वढवाण्याचा तलाव झाला. ओरसंग नदीचे पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने त्यात आणले. 1912 मध्ये कडी भागात थोळचा तलाव झाला. दोन्ही तलाव शेतीसाठीच. पक्ष्यांचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता.

तरीही पक्षी आले, आणि त्याचे कारण शेतीतच आहे. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो. मग रब्बीच्या गव्हासाठी पाणी सोडले जाते आणि पातळी हळूहळू उतरते. काठाचा चिखल उघडा पडतो, तिथे तुतवार, पाणटिवळे, शेकाटे किडे टिपतात. मधल्या खोल पाण्यात लालसरी बदके बुड्या मारतात. सभोवतालच्या शेतांत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस चरतात आणि विश्रांतीला पाण्यावर परततात. तलाव वर्षभर काठोकाठ ठेवला, तर चिखलातल्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरणार नाही.

पाहायला कुठे जावे? वढवाणा सर्वांत उत्तम. बडोद्याहून डभोईमार्गे गेले, तर भल्या पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येते. मातीच्या बांधावरून सावकाश चालावे आणि सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे रंग नीट दिसतात. पश्चिम भारतात एरवी विरळ असलेली मोठी लालसरी इथे दर हिवाळ्यात दिसते. नर ओळखायला सोपा: केशरी डोके, लालचुटुक चोच. आजव्याला बदकांबरोबर मगरीही आहेत, तेव्हा मुलांना पाण्याच्या कडेला सोडू नये. थोळ दूर, अहमदाबादच्या बाजूला. पण सारसांची जोडी पाहायची असेल तर ती वाट वाकडी करावी.

एक गंमत सांगतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी या तलावांवर थव्याने असतो. मराठीत त्याला 'वारकरी' म्हणतात. गुजरातीत त्याचे नाव 'भगतडुं'. दोन भाषांनी एकाच पक्ष्यात भक्त पाहिला! दोन्ही भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना ही नावे एकत्र सांगावीत.

थोळ आणि वढवाणा या दोन्ही तलावांना 2021 मध्ये रामसर स्थळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मान मोठा आहे, पण त्याने काम संपत नाही. हंस शेतात उतरतात तेव्हा नुकसान शेतकऱ्याचे होते. आपण मोटारीने जाऊन फोटो काढून येतो आणि पक्ष्यांना सहन करतो तो शेतकरी. त्याच्याशी दोन शब्द बोलावे, बांधावर कचरा टाकू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, थवा उडवून फोटो काढू नये.

बडोद्यातले मराठी घर म्हटले की लक्ष्मीविलास, कीर्तिमंदिर, सयाजीबाग यांचा अभिमान आलाच. त्या यादीत या मातीच्या बांधांचेही नाव असावे. राजवाडा पाहायला तिकीट काढावे लागते. वढवाण्याचे पाणी मात्र शेतकरी आणि हंस दोघेही हक्काने वापरतात. या थंडीत एका रविवारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून तिथे जाऊन यावे.