मुक्ती सदन, केडगाव
पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) वसवलेला स्त्रियांचा आश्रम. त्याकडे केवळ मिशनरी संस्था म्हणून पाहिले, तर मूळ प्रश्न निसटतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा मदत छावण्यांभोवती मुली पळवणारे दलाल फिरत होते. अन्नाच्या आशेने आलेली अनाथ मुलगी नाहीशी झाली, तर विचारणारे कोणी नसे. रमाबाईंनी अशा शेकडो मुली आणल्या. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रमवासीयांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुलींना विणकाम, शेती, छापखान्यात खिळे जुळवणे शिकवले जाई. सुटकेनंतर पोटापाण्याची सोय नसेल, तर मुलगी पुन्हा दलालाच्याच हाती पडते, हे त्यांनी ओळखले होते.

आक्षेप धर्मांतराचा. तो पोकळ नाही: रमाबाईंच्या आधीच्या संस्थेतील, शारदा सदनातील, धर्मांतराच्या वादावरून १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे, भांडारकर तिच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. निराधार मुलीची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न उरतोच. पण रमाबाईंनी सरकारलाही सोडले नाही. प्लेगच्या रुग्णालयात नेलेली आपल्या संस्थेतील एक मुलगी बेपत्ता झाल्याचे त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीरपणे लिहिले. मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. सरकारी ताब्यातल्या माणसाचा हिशेब सरकारनेच द्यायचा असतो. नुसता नकार हे त्याचे उत्तर नव्हे.