उंबऱ्याच्या आत आलेलं पिल्लू

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की आठवड्याभरात सल्लागारांची रांग लागते. "नाक धरून घासा त्यात, दोनदा घासलंत की तिसऱ्यांदा करणार नाही." "पेपरची गुंडाळी करून एक फटका द्या, बस्स." "आमचा टिप्या तर आठवड्यात शिकला!" सध्या आमच्या नात्यात दोन घरी पिल्लं आली आहेत. एक ठाण्याला सातव्या मजल्यावर, दुसरं थेट न्यू जर्सीला. दोन्हीकडून फोनवर एकच विचारणा असते, हे शी-शू जागेवर कधी करणार? एका घरात तर "जमत नसेल तर परत देऊन टाकू" इथपर्यंत बोलणं गेलंय. मला मूळची आवड इतिहासाची. म्हटलं, हा प्रश्न माणसाला पहिल्यांदा कधी पडला आणि त्याने त्याचं काय केलं, ते जरा बघूया.

सुरुवात फारच मागून करावी लागते. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल नावाची जागा आहे. तिथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याची हाडं. काळ साधारण १४,००० वर्षांपूर्वीचा. २०१८ साली संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले. तो कुत्रा म्हणजे जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं, आणि दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर झाला असावा असं दिसलं. या आजारात उलट्या, जुलाब, ताप, सगळं होतं. तरीही ते पिल्लू आजार सुरू झाल्यावर कित्येक आठवडे जगलं. संशोधकांचा निष्कर्ष असा की कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, स्वच्छ ठेवलं. शिकारीला तर ते उपयोगाचं नव्हतंच.

माणूस आणि कुत्रा यांची मैत्री शिकारीतून झाली असं आपण शाळेत शिकतो. पण तिचा इतका जुना पुरावा बघा, त्यात कुणीतरी पिल्लाची घाण काढतंय!

आता पिल्लाच्या बाजूने. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण शी-शू करताच येत नाही. आई चाटते, तेव्हा ते होतं, आणि आईच ते साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाय जरा स्थिरावले की पिल्लू स्वतःहून झोपायच्या जागेपासून दूर जाऊन मोकळं होतं. म्हणजे "घरात घाण करायची नाही" हा धडा ते आपल्याकडे येण्याआधीच शिकलेलं असतं. घोटाळा एवढाच, की त्याच्या लेखी घर म्हणजे त्याचं अंथरूण. तुमचा हॉल, सोफ्यामागचा कोपरा, पाहुण्यांच्या खोलीतला गालिचा हे सगळं त्याच्या हिशेबात बाहेर. तुमचं घर कुठवर पसरलंय हे त्याला कोण सांगणार?

आपल्या आजी-पणजीकडे सर्दीपासून सापापर्यंत सगळ्यावर तोडगा असायचा, पण यावर नव्हता. याचं कारण साधं आहे. गावाकडे कुत्रा अंगणात, खळ्यात, गोठ्याच्या दाराशी असायचा. भिंतीवरच्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, जेजुरीच्या खंडोबाजवळही कुत्रा. देवाजवळ तो चालायचा, माजघरात मात्र नाही. उंबऱ्याबाहेर राहणाऱ्या कुत्र्याला शू कुठे करायची हे शिकवायचं कारणच काय? तिकडे गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात कुत्रे सांभाळायला वेगळा नोकर असे, त्याला 'डोरिया' म्हणत. म्हणजे साहेबालाही फडकं हातात घ्यावं लागत नसे. अंगण गेलं, फ्लॅट आला आणि कुत्रा आपल्या पलंगावर आला, तेव्हा हा प्रश्न आपल्या घरात शिरला. त्याचं वय फार नाही.

पण मारण्याचा प्रश्न मात्र जुना आहे, आणि तो आपल्याकडे फार सुंदर विचारला गेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, एक गोष्ट येते. (पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ इतकी वर्षं खपून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यातही ती आहे.) जनमेजय कुरुक्षेत्रात यज्ञ करतोय. तिथे सरमा या देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं. जनमेजयाचे तीन भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई आधी काय म्हणते? तूच काहीतरी केलं असशील! अगदी आपल्या आयांसारखं. पिल्लू सांगतं, मी काहीच केलं नाही, हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही की ते चाटलं नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याने अपराध केला नाही, मग का मारलंत? भाऊ काहीच बोलत नाहीत. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं संकट येईल. आणि राजा त्या शापाने खरंच घाबरतो, शांतीसाठी पुरोहित शोधत हिंडतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशीच एका पिल्लाला बसलेला फुकटचा मार आहे.

आता उडी थेट विसाव्या शतकात, कारण प्राण्यांना शिकवण्याचं शास्त्र तिथे आकाराला आलं. जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्याच्या पद्धतीत जबरदस्तीला भरपूर जागा होती, पण शाबासकी असो वा शिक्षा, ती नेमक्या क्षणी झाली तरच उपयोगी, हे त्याने ओळखलं होतं. १९५१ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. त्याचं सार असं, की एक टिकटिक वाजणारं खेळणं घ्या, थोडा खाऊ घ्या, आणि हवी ती गोष्ट घडली त्याच क्षणी टिक करून खाऊ द्या. फटक्याची गरज नाही. १९६५ साली जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांचं पुस्तक आलं. त्यांनी मेन राज्यातल्या बार हार्बर इथे पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. पिल्लाच्या आयुष्यातला तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ माणसाशी नातं जुळण्यासाठी किती नाजूक असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

बाराव्या आठवड्यापर्यंत म्हणजे कधी? बरोब्बर तेव्हाच, जेव्हा पिल्लू नुकतंच आपल्या घरी आलेलं असतं आणि आपण फरशीकडे बघून ओरडत असतो.

१९७८ साली आणखी एक भानगड झाली. पार्व्हो नावाचा नवाच विषाणू दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो पसरतो आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून, आणि मातीत कित्येक महिने टिकतो. (योगायोग बघा, त्याच वर्षी १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये आपल्या कुत्र्याची घाण मालकानेच उचलायची असा कायदा लागू झाला.) म्हणून डॉक्टर सांगतात, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंतची लशींची मालिका पूर्ण होईस्तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडू नका. फ्लॅटमधल्या माणसाची कोंडी इथे होते. खाली न्यायचं नाही आणि घरात करायचं नाही, मग त्या बिचाऱ्याने करायचं कुठे? तर बाल्कनीत किंवा मोरीत, कागदावर. रविवारच्या पुरवण्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही :) पुढे कागदाची जागा हळूहळू मातीने घ्यायची, कारण पायाखाली जे लागतं त्याची सवय जडते.

आता शेवटचा पुरावा. "पण त्याला कळतं हो, आम्ही घरी आलो की कान पाडून कोपऱ्यात बसतो!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. अलेक्झांड्रा होरोविट्झ या न्यूयॉर्कमधल्या संशोधिकेने २००९ साली नेमकं हेच तपासलं. चौदा कुत्रे घेतले. खाऊ समोर ठेवून "खायचं नाही" असं सांगून मालक बाहेर गेले. परत आल्यावर त्यांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं. निघालं असं, की तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हताच, मालक रागावला की नाही यावर होता. आणि ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सगळ्यात जास्त अपराधी दिसले.

वाचलं आणि सरमेचं पिल्लूच डोळ्यांपुढे आलं.

तासाभरापूर्वीच्या डबक्यात नाक घासलं तर पिल्लू काय शिकतं? हे माणूस घरी आलं की अंगावर येतं, एवढंच. मग ते आपल्यासमोर करायचं टाळतं, सोफ्यामागे जाऊन करतं, आणि आपण म्हणतो लबाड आहे. त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, आणि अधेमधे दर दोन तासांनी त्याला ठरलेल्या जागी न्या. हुंगत गोल फिरायला लागलं तर उचला आणि पळा. झालं की तिथल्या तिथे खाऊ. भलतीकडे झालं तर गुपचूप पुसा, तेही अमोनिया नसलेल्या द्रावणाने, कारण अमोनियाचा वास त्याला लघवीसारखाच वाटतो. रात्री एकदा उठावं लागेल. काही आठवडे जातील, कुणाला महिने लागतील. परत द्यायचा विचार करणाऱ्यांनी एवढे आठवडे तरी त्याला द्यावेत. ते ढ नाही, त्याला अजून आपल्या घराची हद्द माहीत नाही.

असो. पिल्लाचं नाव काय ठेवलंत ते कळवा. आणि शक्यतो छोटं ठेवा, रात्री दोन वाजता हाक मारायला बरं पडतं.