उणीव किती, भर किती?

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, चार ओळींत आटोपते. ती गळ्यात असते, तिचा आकार फुलपाखरासारखा असतो, ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते कमी पडले की शरीराचा चयापचय मंदावतो. परीक्षेला एवढे पुरते. पण आपल्या शिक्षक-खोलीत किंवा घरात सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी घेणारे कोणी ना कोणी असते. त्या व्यक्तीला विचारा. काय कमी आहे, हे कळल्याने प्रश्न संपत नाही, असे ती सांगेल. किती कमी आहे आणि किती भर घालायची, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

या विषयाचा इतिहासही असाच दोन टप्प्यांत घडला. काय कमी आहे, हे शोधायला सुमारे वीस वर्षे लागली. किती, याचे भरवशाचे उत्तर मिळायला त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली. हा दुसरा टप्पा पुस्तकांत सहसा येत नाही. म्हणून आम्ही या लेखात त्यावर अधिक भर देणार आहोत.

कारण की परिणाम?

१८७३ साली सर विल्यम गल यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे पाच स्त्रियांची हकिगत मांडली. चांगल्या हिंडत्या-फिरत्या बायका प्रौढ वयात हळूहळू मंद होत गेल्या होत्या. चेहरा सुजकट, जीभ जाड, बोलणे संथ, हालचाल जड. आल्प्सच्या खोऱ्यांत काही मुले जन्मतःच खुंटलेली व मतिमंद असत. त्या अवस्थेशी या स्त्रियांचे साम्य आहे, असे गल यांनी नोंदवले. पुढे १८७७ साली विल्यम ऑर्ड यांनी या विकाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिले. अर्थ साधा आहे: श्लेष्मासारख्या पदार्थाने आलेली सूज. शवविच्छेदनात त्यांना अवटू ग्रंथी आक्रसलेली दिसली. पण ग्रंथीचे आक्रसणे हे रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, हे त्यावरून ठरत नव्हते.

हा पेच सुटला तो स्वित्झर्लंडमधील शल्यविशारदांमुळे, तोही एका दुर्दैवी मार्गाने. डोंगराळ भागातील माती व पाणी यांत आयोडीन कमी असल्याने तिथे गलगंड फार. भूल देण्याचे व जंतुसंसर्ग टाळण्याचे तंत्र आल्यावर गलगंडाच्या शस्त्रक्रिया वाढल्या. जिनिव्हाचे रेव्हर्डिन बंधू (ते चुलतभाऊ होते) आणि बर्नचे थिओडोर कोखर यांनी १८८२-८३ मध्ये जाहीर केले की ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली, त्यांच्यापैकी अनेक जण काही महिन्यांनी सुजकट, थंड व मंद झाले. कोखर यांचा हात इतका सफाईदार की ग्रंथीचा कणही मागे उरत नसे, आणि नेमके तेच रोग्यांना भोवले. आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलावून त्यांनी ही तपासणी केली, निष्कर्ष लपवला नाही आणि यापुढे ग्रंथी पूर्ण काढायची नाही असे ठरवले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८३ साली लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी सुचवले की आल्प्सची मुले, गल यांच्या स्त्रिया आणि कोखर यांचे रोगी या तिन्ही ठिकाणी एकच उणीव आहे, ती म्हणजे अवटू ग्रंथीच्या कार्याची. त्यावेळी हे अनेकांना अतिशयोक्त वाटले. क्लिनिकल सोसायटीने समिती नेमली. समितीने शंभराहून अधिक रोग्यांची माहिती जमवली, व्हिक्टर हॉर्सली यांनी माकडांवर प्रयोग केले आणि १८८८ साली अहवाल आला. सेमन यांचे म्हणणे बरोबर ठरले.

मेंढीची ग्रंथी

उणीव कळली, मग भर घालायची कशी? १८९० मध्ये लिस्बन येथे बेटनकूर व सेरानो यांनी एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेखाली मेंढीच्या अवटू ग्रंथीचे रोपण केले. दुसऱ्याच दिवसापासून तिच्यात सुधारणा दिसू लागली. येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. रोपलेल्या ग्रंथीला एका दिवसात रक्तवाहिन्या फुटणे शक्य नाही. म्हणजे ग्रंथी जगली म्हणून नव्हे, तिच्यातला रस शरीरात शोषला गेला म्हणून गुण आला असणार. हे अनुमान त्या दोघांनीच काढले.

न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी पुढचे पाऊल टाकले. रसच पुरेसा असेल, तर शस्त्रक्रिया कशाला? त्यांनी मेंढीची ग्रंथी बारीक चिरून ग्लिसरीन व थोड्या कार्बॉलिक आम्लात भिजवली, हातरुमालातून पिळून अर्क काढला आणि १८९१ साली ४६ वर्षांच्या एका स्त्रीला तो टोचायला सुरुवात केली. काही महिन्यांतच सूज उतरली आणि बोलणे सुधारले. पुढच्याच वर्षी मॅकेन्झी, फॉक्स आणि कोपनहेगनचे हॉविट्झ यांनी दाखवले की ग्रंथी नुसती खाल्ली तरी चालते. फॉक्स यांची कृती तर स्वयंपाकघरातलीच होती: अर्धी ग्रंथी किंचित परतून, बारीक करून, फळाच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा. मरे यांची ती रुग्ण २८ वर्षे जगली व १९१९ साली ७४व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क तिच्या पोटी गेला, असा हिशोब मरे यांनी दिला आहे.

पण किती?

येथे बहुतेक लेख संपतात. रोग्यांची अडचण मात्र येथूनच सुरू झाली. सगळ्या मेंढ्यांच्या ग्रंथी सारख्या नसतात. ऋतूप्रमाणे आणि चाऱ्याप्रमाणे त्यांतला सक्रिय अंश बदलतो. अर्क जास्त झाला की छाती धडधडे, हात थरथरत, वजन झपाट्याने उतरे. आणि ज्यांचे हृदय आधीच दुबळे होते अशा काही रोग्यांचा त्यात मृत्यूही झाला. थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचे, हा नियम या अनुभवातून आला.

मोजायचे तर पदार्थ शुद्ध हवा. १८९५ साली बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी सक्रिय द्रव्याचे स्फटिक मिळवले, हेच थायरॉक्सिन. पुढे सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींपासून त्यांना मिळाले अवघे ३३ ग्रॅम. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ साली त्याची रेणुरचना शोधली. रेणूत आयोडीनचे चार अणू निघाले. १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. मात्र शुद्ध थायरॉक्सिन पोटातून नीट शोषले जात नसे. त्याचा सोडियम क्षार १९४९ नंतर बाजारात आला तेव्हा कुठे आजची गोळी जन्मली.

पदार्थ मोजता येऊ लागला, पण त्याची गरज कशी मोजायची? डॉक्टर नाडी पाहत, वजन घेत, विश्रांतीच्या वेळी रोगी किती प्राणवायू वापरतो ते मोजत, पुढे रक्तातले आयोडीन मोजू लागले. या सर्व खुणा ढोबळ होत्या. नेमकी खूण शरीरात आधीपासूनच होती. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. हे संप्रेरक सोडून अवटू ग्रंथीला कामाला लावते. वर्गात मुले उत्तर देईनाशी झाली की आपला आवाज चढतो, तसेच हे आहे. थायरॉक्सिन थोडेसे घटले तरी टी.एस.एच. कितीतरी पटींनी वाढते. १९६० च्या दशकात किरणोत्सारी द्रव्ये वापरून ते रक्तात मोजण्याची पद्धत निघाली, आणि पुढील वीस वर्षांत ती बरीच सूक्ष्म झाली.

या मोजमापाने एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. तोवर रोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅम मात्रा सर्रास दिली जात होती. अनेकांना ती गरजेपेक्षा जास्त होती. जादा संप्रेरकाने वाढत्या वयात हृदयाची लय बिघडू शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात. आज ग्रंथी पूर्ण निकामी असलेल्या प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते असे मानतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला रोज १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅम थायरॉक्सिन अशा व्यक्तीला १०,००० दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे पुरेल! मरे यांच्या रुग्णाच्या मेंढ्यांची संख्या यापुढे ठेवून पाहावी.

गोळीबरोबर जगताना

हा इतिहास ठाऊक असला की डॉक्टरांच्या सूचनांमागची कारणे समजतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त का तपासायचे? थायरॉक्सिन शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. जुन्या मात्रेचा प्रभाव दर आठवड्याला निम्मा होत जातो आणि सहा आठवड्यांनी चौसष्टांश उरतो. आधीच घाई करून तपासले तर अर्धवट चित्र दिसते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने का? अन्न व कॉफी शोषणात अडथळा आणतात म्हणून. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या तर चार तास दूर ठेवाव्यात. गर्भारपणी गरज वाढते, तेव्हा लगेच डॉक्टरांना सांगावे. मात्रा मनाने कमी-जास्त करू नये.

तरीही काही रोगी म्हणतात, "रिपोर्ट ठीक आहे, पण मी ठीक नाही." हे उडवून लावण्याजोगे नाही. रक्तक्षय, जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, अपुरी झोप अशी दुसरी कारणे आधी शोधायला हवीत. १९५२ साली ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनी टी-३ हे तीन आयोडीन अणूंचे अधिक प्रभावी संप्रेरक शोधले. शरीर थायरॉक्सिनपासून ते स्वतः बनवते, हे १९७० साली ग्रंथी नसलेल्या रोग्यांत दिसले. म्हणून एकच गोळी पुरते असे मानले गेले. १९९९ साली ३३ रोग्यांच्या एका अभ्यासात दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्यावर अधिक बरे वाटल्याचे आढळले, पण नंतरच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. काही थोड्या जणांना त्याचा उपयोग होत असेल का, हा वाद अजून चालू आहे.

शेवटी शिक्षकांसाठी दोन गोष्टी. नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून ही उणीव ओळखता येते आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बुद्धीची हानी बहुतांशी टळते. कॅनडातील क्वेबेकमध्ये १९७० च्या दशकात अशी तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ती अजून सर्वत्र होत नाही, तेव्हा ओळखीच्या घरी बाळ जन्मले तर तिच्याविषयी अवश्य सांगावे. दुसरी गोष्ट वर्गातली. बरा चाललेला एखादा मुलगा किंवा मुलगी सुस्त होते, सारखी थंडी वाजते म्हणते, आणि मुख्य म्हणजे बरोबरीची मुले वाढत असताना तिची उंची जागच्या जागी राहते. अशा मुलाला आळशी ठरवण्याआधी शाळेच्या नोंदवहीतील गेल्या दोन वर्षांच्या उंचीचे आकडे काढून पाहावेत, आणि ते जेमतेम हलले असतील तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जायला सांगावे.