बिनकुलपाचा गेम आणि पिवळी वायर

शनिशिंगणापूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. मामाच्या पत्र्याच्या पेटीत जुना टीव्ही गेम सापडला. नव्या टीव्हीला लावायला त्याने कन्व्हर्टरही आणला, पण स्क्रीन काळी ती काळीच. आता मामी म्हणतेय, भंगारात देऊन टाक. थांब रे बाबा, देऊ नकोस! आधी या डब्याची गोष्ट ऐक.

शिंगणापूर म्हणजे घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा असलेलं गाव. २०११ मध्ये तिथे युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. गंमत म्हणजे मामाच्या गेमचा मूळ पुरुषही बिनकुलपाचाच! निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला, त्यात कुलूप नव्हतं. १९८५ मध्ये अमेरिकेसाठी एनईएस काढताना मात्र कंपनीने आत एक चिप बसवली. कॅसेटमध्ये जोडीची चिप नसेल, तर गेम चालायचा नाही. अनेक देशांत नकला झाल्या त्या बहुतेक बिनकुलपाच्या फॅमिकॉमच्या. म्हणूनच आपल्याकडे एकाच कॅसेटमध्ये मारिओ, कॉन्ट्रा आणि 'हजारो' गेम मिळायचे. त्यातले निम्मे पुन्हा पुन्हा तेच, ही गोष्ट वेगळी!

आता टीव्हीकडे वळू. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं, ते पाल पद्धतीत. म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० झलका. जपान-अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ५२५ ओळी आणि ६० झलका. त्यामुळे भारतात विकायचे गेम पालसाठी जुळवून घ्यावे लागले. पद्धत चुकली की चित्र काळं-पांढरं दिसतं, नाहीतर वर-खाली फिरत राहतं.

दूरदर्शन एका झलकेत विषम ओळी दाखवायचं आणि पुढच्या झलकेत सम. गेम मात्र दर वेळी त्याच ओळींवर चित्र काढतो. जुन्या डबा टीव्हीला याचं काही वाटत नसे. स्वस्त कन्व्हर्टर मात्र फसतो. तो हेही दूरदर्शनसारखंच समजतो आणि दोन झलका एकत्र विणायला जातो. मग मार लागल्यावर लुकलुकणारा मारिओ कधी फाटका दिसतो, कधी गायबच होतो.

मग घ्यायचं काय? पहिलं म्हणजे दिशा बघा. 'एव्ही टू एचडीएमआय' हवा, 'एचडीएमआय टू एव्ही' नको. दोन्ही डबे दिसायला सारखेच असतात, पण सिग्नल एकाच बाजूला जातो. आपल्या श्रोत्याने डब्याचा फोटो पाठवला, तर तो उलटाच निघाला! दुसरं, डब्यावर पाल लिहिलंय का ते बघा. तिसरं, मनासारखं चित्र हवं असेल तर रेट्रोटिंक २एक्ससारखा डबा पिवळी वायर घेतो आणि गेमच्या ओळी नीट ओळखतो. तो महाग आहे. ओएसएससीचंही नाव ऐकाल, पण तो पिवळ्या वायरीचा सिग्नल घेत नाही, त्यामुळे मामाच्या गेमला निरुपयोगी. आणि गेमला फक्त अँटेनाची वायर असेल, तर जुना व्हीसीआर शोधा. तो चॅनल पकडून पिवळ्या वायरीतून बाहेर देतो.

एक गोष्ट मात्र कुठलाच कन्व्हर्टर परत देणार नाही. बदकं मारायची बंदूक! ती डबा टीव्हीच्या काचेवर त्या क्षणी उमटणारा उजेड टिपायची. कन्व्हर्टरमधून नव्या टीव्हीवर चित्र उशिरा पोचतं, म्हणून नेम लागतच नाही. तेव्हा कोणाकडे चालू डबा टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा विचार करा.

आपल्या श्रोत्याने डबा बदलून आणला. काल त्याचा पुन्हा मेसेज आला. पहिला डाव मामीनेच खेळला म्हणे!